वाकड्या शेपटांची बशी

"मी सांगते ना मॅडम, मावशींनीच टाक्या मिसळल्यात! दुसरं काय असणार?"

"पुरावा काय?"

"शंभर पिल्लांमध्ये बाराजणांचं हृदय भलत्याच बाजूला! निरोगी जोडीच्या पोटी असं होतं का कधी? माझं वर्षभराचं काम पाण्यात गेलं," संशोधन करणारी चष्मेवाली विद्यार्थिनी म्हणाली.

"काम पाण्यातच होतं की तुझं," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. पण लगेच गंभीर झाल्या. "बघ, चूक खरंच त्यांची असेल तर मासेघर दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावं लागेल. त्यांना खाली बाटल्या धुवायला पाठवू."

अर्धवट उघड्या दाराबाहेर टाकीमावशी बादली घेऊन उभी होती. पुढे हे भांडण ती नकला करकरून सांगायची. त्या दिवशी मात्र हातातली बादली खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

मासेघरात तिची बावीस वर्षं गेली होती. भिंतीला लागून काचेच्या टाक्यांच्या रांगा, अन् आत बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. दुसरीत शाळा सुटलेली, त्यामुळे टाकीवरची चिठ्ठी वाचायला तिला वेळ लागायचा. मासा मात्र ती लांबून ओळखायची. हा भांडकुदळ, ही लाजरी, तो खादाड, अशी सगळ्यांची कुंडली तिला पाठ. असल्या बाईनं टाक्या मिसळल्या म्हणणं म्हणजे आईनं जुळ्या पोरांची अदलाबदल केली म्हणण्यासारखंच.

कामाची रीतही तिचीच बसवलेली. संध्याकाळी नर-मादी एका डब्यात, मध्ये काचेचा पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. अर्ध्या तासात अंडी खालच्या जाळीतून तळाशी. ती बशीत घ्यायची, पांढरी पडलेली काढून टाकायची, बशी उबेच्या कपाटात ठेवायची. पिल्लू काचेसारखं आरपार. दोन दिवसांत भिंगाखाली त्याचं हृदय धडधडताना दिसतं.

घरी नवरा कुलपं दुरुस्त करत बसला होता. तिचं तोंड बघून म्हणाला, "काय गं, माशांनी खटला भरला का तुझ्यावर?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला. इथं नोकरी जायची वेळ आली." तिनं सगळं सांगितलं.

"कधीची ही पिल्लं?"

"मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते ना, त्या चार दिवसांतली. चष्मेवालीनंच बशी सांभाळली. बाराच्या बारा शेपटीत वाकडी आहेत म्हणे."

"वा! बावीस वर्षं सगळी सरळ, अन् तू पाठ फिरवलीस की वाकडी?"

तिला एकदम उमगलं. "अहो, वाकडी नेहमीच होतात. त्या एका जोडीची तर प्रत्येक खेपेला. मी काढून टाकते ना!"

"का?"

"एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं होतं, खराब तेवढी फेकत जा म्हणून."

"धन्य आहे," नवरा म्हणाला. "म्हणजे चोर तूच, अन् मुद्देमाल गटारात."

सकाळी ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली. चष्मेवाली तिथंच होती.

"बाई, चूक माझीच आहे. पण मिसळायची नाही, फेकायची." तिनं सगळं सांगितलं. "तुम्ही स्वतः ती जोडी लावा. मी हात लावणार नाही. आमच्या घरातनं कुलूप आणलंय, उबेच्या कपाटाला घाला अन् किल्ली तुम्ही ठेवा."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी कुलूप खरंच घातलं.

दोन दिवस मावशीला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं, बशी भिंगाखाली गेली अन् चष्मेवाली मोजू लागली. शंभरातली तेवीस वाकडी. त्या तेवीसांत अकरांचं हृदय डावीकडे असायचं ते उजवीकडे. सरळ शेपटीची मात्र सगळी जागच्या जागी. टाकी एकच, जोडी एकच.

"मावशी," मॅडम खुर्चीत मागे टेकल्या, "अहो, हृदय डावीकडेच का बसतं हे आम्ही शोधत होतो, अन् त्याचं उत्तर तुम्ही रोज फेकत होतात!"

"आता समजेल असं सांगा बाई."

"पिल्लाच्या अंगात पहिल्याच दिवशी एक इवलीशी पाण्याची पिशवी तयार होते. आत बारीक केस असतात, ते गरगर फिरतात, सगळे एकाच दिशेनं. त्यामुळे पाण्याचा ओढा डावीकडे जास्त होतो. त्यावरूनच अंगाला कळतं, की ही डावी बाजू, हृदय इकडे."

"अन् केस फिरलेच नाहीत तर?"

"मग छापा-काटा. निम्म्यांचं बरोबर, निम्म्यांचं उलटं. हा दोष आईबापांकडून येतो. त्यांच्यात तो लपलेला असतो, चार पिल्लांमागे एखाद्यात उघडा पडतो. शेपटीही त्यामुळेच वाकते."

"माणसांतही असंच?"

"साधारण असंच. आईला धड पत्ताही लागलेला नसतो, तेव्हाच हे ठरून जातं."

"बघा! अन् आम्ही नऊ महिने नाक कुणासारखं यावरच भांडतो."

चष्मेवाली खाली मान घालून उभी होती. "मावशी, चुकलं माझं. माफ करा."

"माफी राहू दे. पुढच्या वेळी दार लावून भांड म्हणजे झालं."

त्या रविवारी लेकीकडे गेल्यावर तिनं नातीच्या छातीला आधी डावीकडे कान लावला. लेक म्हणाली, "आई, हे काय?" ती म्हणाली, "पाणी बरोबर वाहिलंय हो."

बाटल्यांचं प्रकरण तिथंच मिटलं. मॅडमनी उलट नवा नियम केला, की कुणाचीही बशी आधी टाकीमावशीच्या नजरेखालून जायची. ती मोजणार, अन् तिची चिठ्ठी बशीबरोबर वर येणार. सात वर्षं नवी नवी पोरं आली, नियम तोच राहिला.

निवृत्तीच्या दिवशी चार वाजता निरोपाचा समारंभ होता. वर खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. तीनला एका नव्या मुलीची बशी आली. मावशी भिंगाला डोळा लावून बसली, दोनदा मोजलं, अन् तिरक्या अक्षरात लिहिलं, "सरळ एकाहत्तर. वाकडी चोवीस. एकही टाकलेलं नाही." बशीवर झाकण ठेवलं, दोन जिने चढली, दारावर टकटक केली. मॅडम फोनवर होत्या. उन्हापासून लांब, टेबलाच्या आतल्या कोपऱ्यात तिनं बशी ठेवली.

"बाई, बशी ठेवलीय हो," ती हळूच म्हणाली अन् दार लोटून बाहेर आली.