व्हॅन मऊ चालली पाहिजे

कचरू ओव्हाळ यांनी उमेदीची वर्षं मार्केट यार्डातून टेम्पो चालवण्यात काढली. पन्नाशी उलटली तशा लांबच्या खेपा झेपेनात, तेव्हा त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि नारायण पेठेतल्या एका शाळेची मुलं ने-आण करू लागले. गाडीत एखादी बाई असेल का, असं मुलींच्या आयांनी विचारलं. कचरूंची बायको चंपा म्हणाली, "मी आहे की." ती पुढच्या सीटवर बसली, आणि मग सगळी वर्षं ती जागा तिचीच झाली. डबे, वॉटरबॅगा, कुणाचं रडणं, कुणाची उलटी, सगळं तीच बघायची. कचरू मुळात अबोल. मुलं हाक मारायची ती चंपामावशीला.

टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि ते काम परत उभं राहिलं नाही. व्हॅन गुलटेकडीच्या घरासमोर नुसती उभी असायची. विकायची गोष्ट निघाली की चंपा म्हणायची, "असू दे. आपलं खातेय का काही?"

मग तिचं दुखणं निघालं. पाठ दुखते म्हणून मलम लावत होती. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, कर्करोग आहे आणि तो मणक्यात उतरलाय. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. रिक्षात तिला बसवेना. व्हॅनचं दार सरकवलं की मधल्या सीटवर अलगद टेकता यायचं, पाठीला उशा लावता यायच्या. म्हणून व्हॅनच बरी पडायची.

एके दिवशी परत येताना स्वारगेटला रस्ता खोदलेला होता. कचरूंनी गाडी अगदी चालीवर आणली, मागून हॉर्न वाजत राहिले, तरी चाक खड्ड्यात गेलंच. गाडी दण्णकन आपटली. चंपा ओरडली नाही. कचरूंनी आरशात पाहिलं, तर तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि डोळे घट्ट मिटले होते.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन शंभूकडे गेले. टेम्पोच्या काळापासूनचा त्यांचा मेकॅनिक. शंभूनं गाडीचा पुढचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, ती डुलतच राहिली. मग तो खाली शिरला.

"काका, पुढचे शॉकअप गेलेत, तेल गळतंय. बुशांची रबरं सगळी फाटलीत. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक तडकलाय." बाहेर येऊन त्यानं हात पुसले. "पण दिवाळीला हिचं आरटीओ पासिंग संपतंय ना? मग आता कशाला हात लावता? फार दिवस नाहीत हिचे. चालतेय तशी चालू द्या."

शंभू गाडीबद्दलच बोलत होता. कचरूंना मात्र तिथं उभं राहवेना. "बघतो," म्हणून ते गाडी काढून निघाले. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन जवळपास हेच सांगितलं होतं, आणि ते त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलगी आम्रपाली सोलापूरला महसूल खात्यात होती, सुट्टी काढून आलेली. तिला गाडीची ही खटपट पटत नव्हती.

"बाबा, ॲम्ब्युलन्स बोलवू या. आईला झोपवून नेता येईल. त्या गाडीत काय राहिलंय आता?"

आतून चंपाचा आवाज आला, "झोपवून न्यायची वेळ येईल तेव्हा मला कुणी विचारणार नाही. तोवर मी बसून जाईन."

थोड्या वेळानं आम्रपाली औषधं आणायला बाहेर पडली, तेव्हा चंपानं नवऱ्याला जवळ बोलावलं.

"अहो, शंभू काय म्हणाला?"

"राहू दे म्हणाला. आता हात लावण्यात अर्थ नाही."

"आणि डॉक्टर?"

कचरू चादरीची घडी सरळ करत राहिले.

"तेही तेच म्हणाले ना?" चंपा म्हणाली. "परवापासून तुमचा चेहरा वाचतेय मी."

कचरू खाली बसले. चंपानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मला एकदा मथुराकडे न्या."

मथुराबाई तिची थोरली बहीण. सासवडच्या पुढे एका वाडीत, माहेरच्याच घरात राहायची.

"तिलाच घेऊन येतो की इकडं. तुला कशाला त्रास?"

"तिला बघायचंच आहे, पण आमच्या ओट्यावर बसायचंय मला. इथं कॉटवरून नाही."

कचरू उठले ते थेट शंभूकडे गेले. या वेळी त्यांनी सगळं सांगितलं. शंभूनं हातातला पाना खाली ठेवला. "आधी का नाही बोललात, काका?"

तो पुन्हा गाडीखाली वाकून पाहून आला. मग म्हणाला, "सगळे पाटे नवे टाकले तर गाडी कडक होईल, उलट जास्त आपटेल. पुढचे शॉकअप आणि बुश नवे टाकू. पाटा फक्त तडकलेला बदलतो, तोही जुन्या गाडीचा, मऊ झालेला."

कचरूंना टेम्पोचे दिवस आठवले. रिकामा टेम्पो उड्या मारायचा, भरलेला शांत चालायचा. गाडी तयार झाल्यावर ते मार्केट यार्डात गेले आणि ओळखीच्या हमालांकडून कांद्याची दोन पोती मागच्या बाजूला बांधून घेतली. चाकांतली हवा किंचित कमी केली.

तरी खात्री वाटेना. तेव्हा आम्रपाली म्हणाली, "मी बसते. तुम्ही चालवा."

आईच्याच उशा पाठीला लावून ती मधल्या सीटवर बसली. बापलेक गुलटेकडीच्या खराब गल्ल्यांतून फिरले. "इथं लागलं," ती सांगायची. "इथं नाही. इथं थोडं." एका गतिरोधकावर तिचा आवाज आला नाही म्हणून कचरूंनी वळून पाहिलं. ती रडत होती.

"लागलं का गं?"

"नाही बाबा. काहीच लागलं नाही."

पुढच्या रविवारी सकाळी तिघं निघाले. हडपसरपर्यंत चंपा दुकानांच्या पाट्या वाचत होती. दिवे घाटात मात्र रस्त्याचं काम चालू होतं. तिथं तिला लागलं, आणि या वेळी ती मोठ्यानं "आई गं" म्हणाली. कचरूंनी गाडी बाजूला घेतली.

"फिरवू का?"

"चला पुढं. ओरडले म्हणजे मेले नाही."

वाडीत मथुराबाई काठी टेकत दारात आल्या. "लई बारीक झालीस गं," एवढंच म्हणाल्या आणि धाकटीला ओट्यावर टेकवून तिच्या केसांतून हात फिरवू लागल्या. दुपारभर दोघी बसल्या होत्या. काय बोलत होत्या ते कचरूंनी ऐकलं नाही. ते गाडीपाशीच थांबले. येताना चंपा घाट उतरेपर्यंत झोपलेली होती.

त्यानंतर दवाखान्याच्या थोड्या खेपा झाल्या. मग तिनंच नको म्हटलं. पावसाळा संपता संपता, एका सकाळी, घरातच ती गेली. आम्रपाली चहा गाळत होती आणि कचरू चंपाच्या पायांना तेल लावत होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मथुराबाईंना आणायला कचरू व्हॅन घेऊन गेले. भन्तेजींनी त्रिसरण दिलं, वंदना झाली, माणसं जेवून पांगली. संध्याकाळी परत सोडायला निघाले तेव्हा मथुराबाई मागं बसल्या नाहीत, पुढच्याच सीटवर चढल्या. हडपसर मागं पडल्यावर एकदम म्हणाल्या, "लहानपणी लई वांड हुती ती. एकदा शाळा बुडवून दिवसभर हिरीवर बसली हुती, ठावं हाय का तुमास्नी?"

कचरूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"नाही," ते म्हणाले. "सांगा ना. मग काय झालं?"