बैलाच्या मांसातले पांढरे दाणे

आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले त्या वर्षी गुरांच्या प्रयोगशाळेतला आमचा सूक्ष्मदर्शक नव्या जिल्ह्यासाठी खोक्यात बांधून ठेवला होता. तेव्हाच बेला गावाकडचा एक शेतकरी मेलेल्या बैलाच्या मांसाचा तुकडा घेऊन आला. त्यात तांदळासारखे पांढरे दाणे होते, एका परजीवीचे. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यातून, मांजरातून किंवा माणसातूनही हा परजीवी गुरांत येतो. नेमका कुठून, ते दाण्याचं कवच पातळ की जाड यावरून कळतं. त्यासाठी खोकं उघडावं लागलं असतं. मला कंटाळा आला.

"कुत्र्याचा आहे," मी म्हणालो.

"आमचं कुत्रं तं भाकर खाते, साहेब. मांस काऊन खाइन?"

"तुम्ही दिवसभर त्याच्या मागं फिरता का?"

राखणीचं ते कुत्रं त्यानं बैलगाडीत घालून पैनगंगेपलीकडं सोडलं. नंतर खोकं उघडलं तेव्हा मी बाटलीत ठेवलेला तुकडा तपासला. कवच जाड होतं, म्हणजे कुत्र्याचा संबंधच नव्हता.

त्याला निरोप धाडायचा राहून गेला, असं मी सांगत आलो. राहून गेला नव्हता. मला लाज वाटली होती. पुढं तो आदिलाबादला कापसाच्या बाजारात भेटला. "बाकीचे बैल बरे हायेत, तुमच्यामुळं," म्हणाला आणि चहा सांगितला. मी तो प्यालो.