कावासाकीत विरलेलं गाव आणि मात्सुदा-सान

विमानतळावर नंदाने मला मिठी मारली. तिचं गरोदर पोट मध्ये आल्यामुळे मिठी अर्धवटच झाली. आणि दुसऱ्याच वाक्यात ती म्हणाली, "ताई, मात्सुदा-सान कधीची तुझी वाट बघतायत!" आम्ही बहिणी तीन वर्षांनी भेटत होतो. डिंकाचे लाडू, अळीव आणि धुऊन मऊ केलेली जुनी लुगडी मी चिंचवडहून जिवापाड जपून आणली होती, आणि ही मला कुणा परक्या बाईचं नाव ऐकवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नंदा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या, तिच्या गोवर-कांजिण्या, तिचं लग्न, सगळं मी केलं. तेव्हा तिचं पहिलं बाळंतपणही माझंच, यात मला शंका नव्हती. शाळेतल्या दिवाळीच्या सुट्टीला बिनपगारी रजा जोडून मी पाच आठवड्यांसाठी जपानला आले होते. दिवस भरायला तीन आठवडे होते. हिशेब चोख होता.

टोकियो मागे टाकून आम्ही कावासाकीला उतरलो आणि समुद्राच्या दिशेने जाणारी बस धरली. नंदाचे यजमान अजितराव संगणकाच्या कंपनीत. घरभाडं परवडावं म्हणून त्यांनी हा जुना भाग निवडलेला. एकेकाळी हे वेगळं गाव होतं. पोलाद, तारा, काच यांचे कारखाने आले, गाव फुगलं आणि शेजारच्या कावासाकी शहराने ते पोटात घेतलं. पुढे बरेचसे कारखाने बंद पडले. आता लांबच लांब भिंती, गंजलेले रूळ, पाणी संथ असलेला कालवा आणि धूर नसलेली दोन धुराडी उरली आहेत. मी कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीतली. मला तिथे घरच्यासारखं वाटायला हवं होतं. पण बंद कारखान्याच्या फाटकालाही ताजा रंग आणि भिंतीकडेला शेवंतीच्या कुंड्या पाहून मला बरं वाटण्याऐवजी पोटात दुखलं. आमच्याकडे चालू कारखान्याच्या फाटकाशी उभं राहवत नाही.

शेजारच्या घरातली मात्सुदा-सान दारातच उभी होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, चणीने लहान, केस बारीक कापलेले. कमरेत वाकून ती काहीतरी लांबलचक बोलली. नंदा तिला "ओकासान" म्हणाली. ओकासान म्हणजे आई, हा शब्द मला पुस्तकातून ठाऊक होता.

"आई म्हणतेस तिला?" मी घरात शिरताच विचारलं.

"अगं, इथे म्हणतात तसं. आणि त्यांनी माझं किती केलंय! मला उलट्या होत होत्या तेव्हा रोज पेज आणून द्यायच्या."

पेज! मी काय मेले होते? मेले नव्हते, सहा-सात हजार किलोमीटरांवर होते, हे मला कळत होतं. पण जळायला लागलं की कळून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी मात्सुदा-सानने आम्हाला गाव दाखवायला नेलं. तारांच्या कारखान्याच्या भोजनगृहात तिने तीस वर्षं भात शिजवला होता. तो कारखाना आता मोकळं मैदान झालाय. ती शाळेत असताना गाव शहरात गेलं. पाट्या बदलल्या, पत्ते बदलले. "पण आमच्या गल्लीच्या मंडळाने नाव सोडलं नाही," नंदाने तिचं बोलणं मला मराठीत सांगितलं. "शहराने गटारं चांगली दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही अजून एकमेकांना गावाच्याच नावाने ओळखतो."

बोलणं चांगलं होतं, म्हणून मला आणखीच राग आला. परतताना भाजकी रताळी विकणारी गाडी हेल काढत आली. मात्सुदा-सानने एक मोडून गरम अर्धं नंदाला दिलं. नंदाने ते सालासकट खाल्लं. माझ्या डिंकाच्या लाडवाला मात्र "ताई, जड पडतो गं" असं उत्तर मिळालं होतं.

ही बाई रोज काही ना काही निमित्ताने यायची. कधी मुरवलेला मुळा, कधी कचऱ्याच्या पिशव्या नीट वेगळ्या केल्यात का ते बघायला. एका दुपारी नंदा झोपली असताना ती 'कायरानबान' (गल्लीतल्या सूचना लावलेली, घरोघरी फिरणारी पाटी) घेऊन आली. वाचायचं, आपल्या घरापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या दारी पोचवायचं, अशी तिथली रीत. तिने पुढच्या घराकडे बोट दाखवून मला ते दोनदा समजावलं. मला समजलं. चांगलंच समजलं. ती गेल्यावर मी पाटी तांदळाच्या पोत्यामागे सारली. हिचा एक निरोप तरी या घरात अडू दे, एवढाच विचार. लहान मुलाला शोभेल असा.

तीन दिवसांनी सकाळी गल्लीचं पाणी गेलं. नळदुरुस्तीची सूचना पाटीवर होती आणि ती आमच्यापुढच्या सहा घरांना मिळालीच नव्हती. कुणाच्या केसांना साबण, कुणाचा भात बिनपाण्याचा. बायका दारात जमल्या. नंदा नऊ महिने भरत आलेलं पोट घेऊन बाहेर गेली. मी दाराआड उभी होते. नंदा परत आली ती हळहळत.

"बघ ना ताई, मात्सुदा-सान पाटी पुढे द्यायलाच विसरल्या. सगळ्यांसमोर वाकून माफी मागितली बिचारीने. इतक्या वर्षांत कधी चुकल्या नव्हत्या. वय झालं गं."

माझी चूकसुद्धा मात्सुदा-सानने स्वतःवर घेतली होती, आणि ते करताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. दुपारी पाटी पदराखाली घेऊन मी एकटी तिच्या दारी गेले आणि जमेल तेवढी वाकले. तिने पाटी घेतली, आत बोलावलं, चहा दिला. आम्ही समोरासमोर बसून तो प्यायलो. त्या दिवसापासून मी त्यांना मनातही अहो-जाहो करू लागले. जळणं मात्र थांबलं नाही, उलट वाढलं. वाईट बाईचा हेवा सोपा असतो हो!

आणि मग माझा चोख हिशेब बिघडला. दिवस भरले, उलटले, बाळ काही येईना. डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीचं चालायचंच. माझं तिकीट बदलत नव्हतं, रजा वाढत नव्हती. मी रोज नंदाच्या पोटाकडे सावकारासारखी बघायचे. शेवटी निघायचा दिवस आला.

मात्सुदा-सान निरोपाला आल्या. गुडघे मोडून माझ्यासमोर बसल्या आणि नंदाला सांगायला लावलं. नंदा लाजत म्हणाली, "त्या म्हणतायत, मला तुमचा हेवा वाटतो. लहानपणची नंदा तुमच्याकडे आहे. ही घाबरली की काय करायचं, ते मला सांगून जा."

मी पुष्कळ सांगितलं. पाणी कोमट द्या, उगाच धीर देऊ नका, तिला चिडायला आवडतं. एक मात्र सांगितलं नाही. नंदा घाबरली की तिला हात धरलेला चालत नाही, तिची पावलं धरावी लागतात. दोन्ही, घट्ट. आई गेली त्या आठवड्यात मी तशीच बसले होते. हे नंदाला स्वतःलाही आठवत नसेल. ते मी माझ्याजवळ ठेवलं. सगळंच का द्यायचं?

विमानात झोप आली नाही. ढग बघत मी स्वतःशी भांडत होते. माझं पोर तिथे घाबरणार आणि मी इथे गुपित उबवत बसणार! चिंचवडला पोचले, सामान दारात टाकलं आणि तशीच कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर गेले. नंदाच्या घरचा नंबर लावला. फोन मात्सुदा-साननी उचलला. त्या धापा टाकत होत्या. "ब्योइन, ब्योइन," म्हणाल्या. ब्योइन म्हणजे इस्पितळ. पाच आठवड्यांत तेवढं कळत होतं. नंदाला नेलं होतं आणि तिचं घर बंद करून त्या मागाहून निघाल्या होत्या.

"आशि," मी ओरडले. आशि म्हणजे पाय. "नंदा, आशि!" पुढचं जपानी येईना, म्हणून मराठीतच म्हणाले, "धरा हो, दोन्ही धरा. घट्ट." बूथवाला माझ्याकडे बघत राहिला. पलीकडून "हाय" (हो) एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला.

शाळा सुरू झाली. सहकारी विचारत होत्या, जपान कसं आहे? मी रंगवलेली फाटकं सांगितली, रताळ्याची गाडी सांगितली, शहरात विरूनही नाव न सोडणारं ते गाव सांगितलं. प्रवासाला गेलं की माणूस तिथल्यापेक्षा आपल्यातलंच जास्त बघून येतो, आणि मी जे पाहिलं ते काही फार देखणं नव्हतं, हे सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवर नंदाचा फोन आला. मुलगी झाली होती. आवाज थकलेला, पण खुशीत.

"ताई, एक गंमत सांगू? मी इतकी घाबरले होते, आणि मात्सुदा-सान आल्या त्या थेट माझी पावलंच धरून बसल्या. शेवटपर्यंत सोडली नाहीत. इतकं बरं वाटलं! त्यांना कसं गं कळलं?"

"मी सांगितलं," मी म्हणाले. आणि तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले, "मी सांगितलं होतं."