आभाळातला गोंगाट

क्रांती चौकातलं आमचं मुख्य ऑफिस आणि अजिंठ्याकडची शाखा मीच सॅटेलाइटनं जोडली. दोन्हीकडे ब्रिज नावाची डबी बसवली, म्हणजे दोन्ही ऑफिसं जणू एकाच खोलीत. या शहाणपणाची मला लई घमेंड होती.

शाखेतल्या क्लार्क ताई रोज फोन करायच्या. "साहेब, एक अर्ज उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. लोक अंगावर येतात."

मी ठणकावून सांगायचो, "ताई, ते आभाळातून येतंय, वेळ लागणारच." बघायला मात्र एकदाही गेलो नाही.

शेवटी काम उरकत नाही म्हणून वरच्यांनी शाखाच बंद केली. सामान काढायला मलाच पाठवलं. तिथले सगळे कॉम्प्युटर बंद होते, तरी ब्रिजवरचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. लॅपटॉप जोडून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. मुख्य ऑफिसातले प्रिंटर, कॉम्प्युटर दिवसभर एकमेकांना हाका मारत असतात. त्या सगळ्या बिनकामाच्या हाका माझा ब्रिज आभाळात पाठवत होता आणि त्या गर्दीत ताईंचा अर्ज अडकून पडत होता. हाका अडवायची सोय ब्रिजमध्येच होती. दहा मिनिटांचं काम! आणि मी गाढव, आभाळावर खापर फोडत बसलो.

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कागदपत्रं आवरायला आलेल्या ताईंनी चहा पुढं केला. त्यांची बदली घरापासून लांब झाली होती.

"मनाला लावून घेऊ नका, साहेब," त्या म्हणाल्या. "आभाळच लई लांब, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

मी मान डोलावली आणि चहा पिऊन टाकला.