निरोप शोधणारी

पालघरच्या डॉक्टरांकडून आईला घेऊन मी घरी निघाले होते. बोईसरला तारापूरच्या शेअर रिक्षात बसलो आणि तिला धाप लागली. दम्याचा पंप पिशवीतच होता, पण ती घेईना.

"हात कापतात त्यानं. म्हावरा कसा कापू मी?" आई म्हणाली. मासे कापणं हे तिचं रोजचं काम.

शेजारी एक तरुण बाई बसली होती. बोलण्याआधी अंगठ्यानं बोटांची टोकं चाचपायची तिला सवय दिसत होती.

"मावशी, हात कापू नयेत म्हणूनच आमच्या औषध कंपनीत संशोधन चाललंय. पण आधी श्वास तर घ्या."

आईनं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पंप तोंडाला लावला. धाप हळूहळू बसली. मग ती बाई समजावू लागली.

"हे औषध पेशीच्या आत शिरत नाही. बाहेरूनच खूण करतं. आतलं 'जी' नावाचं प्रथिन जागं होतं आणि निरोप पुढे नेतं. त्या निरोपानं श्वासनळी सैल होते, पण हाताच्या स्नायूंना थरथर सुटते. हवा तेवढाच निरोप जाईल, असं औषध आम्ही शोधतोय."

"मंग गावला का?"

"अजून नाही. खूपदा फसलं. पण आत काय घडतं ते आता कळतंय, म्हणून रोज उमेदीनं कामावर जाते." ती हसली. "सापडेल तेव्हा ते घ्यायला तुम्ही हव्यात ना?"

कुंभवलीला ती उतरली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आई आता पंप घेते, थरथर ओसरेपर्यंत ओटीवर बसते, मग मासे कापायला घेते. मधूनच विचारते, "त्या पोरीला गावला आसंल का गं?"

"शोधतेय," मी म्हणते.