जुबेदाच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला

सर्व वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आखाती युद्धाच्या काळात रियाधमधल्या एका सीलबंद खोलीतून रबरी चपलांची एक जोडी (पट्टे निळे) बेपत्ता झाली असून ती आजतागायत सापडलेली नाही.

हसलात ना? हसा. मीही असल्या गोष्टींना हसणारीच. गावात कुणी म्हणालं, अमक्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की मी विचारायची, "साडी कुठून घेतली म्हणे?" भूत, जिन, करणी... कशावरच विश्वास नव्हता. आजही नाही. फक्त त्या चपला सोडून.

लग्न होऊन मी नुकतीच रत्नागिरीहून रियाधला आले होते. नवरा, इक्बाल, हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. युद्ध सुरू झाल्यापासून जवळजवळ ड्युटीवरच राहायला. घरात आम्ही तिघं. मी, नणंद जुबेदा आणि इक्बालचे मामू. जुबेदाचा नवरा तिकडे कतीफला नोकरीत अडकलेला, हिला आठवा महिना, त्यात लहानपणापासूनचा दमा. मामू आयुष्यभर खाडीत होडी हाकलेले तांडेल. उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडे राहिले.

गॅसच्या भीतीनं तेव्हा लोक घरातली एक खोली सील करत. खिडकीला प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. आम्हीही केली. पहिल्या सायरनला आत जाऊन बसलो, आणि काय तो भपकारा! जुबेदा किंचाळली, "भाबी, गॅस!" तिघांनी ओले रुमाल नाकाला लावले. मी तर कलमा पढायला लागले... तेवढ्यात मामू रुमालाआडून शांतपणे म्हणाले, "गॅस नाय गो. माझं सुकट हाय कपाटात." गावाहून आणलेलं सुकट आम्ही स्वतःबरोबर सील करून घेतलं होतं!

त्याच खोलीत भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. रियाधच्या ओलाया भागातल्या एका चायनीज हॉटेलातून इक्बालनं आणलेलं — चीनच्या ग्वांगशी प्रांतातली प्रेक्षणीय स्थळं. सोंडेनं नदीचं पाणी पिणाऱ्या हत्तीसारखा डोंगर. रंगीत दिव्यांनी उजळलेली गुहा. डोंगरभर जिन्यासारखी चढत गेलेली भातखाचरं. लाकडी छपराचा जुना पूल. जुबेदाचं मन रमावं म्हणून मी गाइड झाले. दर सायरनला एक पान! "लेडीज अँड जंटलमन, उजवीकडे बघा. हत्तीला तहान लागलीये, कृपया त्याला सुकट दाखवू नका!" जुबेदा हसायची, आणि हसली की तिचा श्वास मोकळा व्हायचा. मामू मात्र भिंतीकडे तोंड करून पडायचे. "येड्यांचा बाजार! दुनिया जळतेय, आणि ह्यांना सहली सुचतायत."

एका संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपते न आटोपते तोच सायरन झाला. आम्ही आत पळालो, मी दाराला पट्ट्या लावल्या, दिवा घालवून टॉर्च लावला... आणि लक्षात आलं, जुबेदाचा दम्याचा पंप स्वयंपाकघरातच राहिला.

त्याच वेळी बाहेर कुठेतरी धडाड्‌ असा आवाज झाला. खिडकीचं प्लास्टिक फुगलं आणि बसलं. जुबेदाचा श्वास अडकला. छातीतून शिट्टीसारखा आवाज, ओठ पांढरे. "भाबी... दार उघड." रेडिओ सांगत होता, बाहेर पडू नका. उघडावं तर बाहेरची हवा कसली आहे कुणास ठाऊक, आणि पोटात बाळ. न उघडावं तर ही डोळ्यांदेखत... माझा हात पट्टीवर गेला. मामू उठून बसले. जुबेदानं माझं मनगट धरलं.

"थांब," ती कशीबशी म्हणाली. "ट्रिप... काढ."

मी पान उलटलं. ली नदी. दोन्हीकडे धुक्यातले उंच, निमुळते डोंगर आणि मधोमध बांबूचा एक रिकामा तराफा. काठ चित्रात नव्हताच.

"चला," मी म्हटलं, "आज पाण्यातून..."

आणि यापुढे मी एक शब्दही बोललेले नाही. हे नीट लक्षात ठेवा. माझा आवाजच गेला होता.

आधी पायांना गार लागलं. सुकटाचा वास गेला आणि ओल्या बांबूचा आला. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या. जुबेदा माझ्या पुढे होती. तिनं वाकून, एवढं पोट असून अगदी सहज वाकून, चपला काढल्या. खाडीकाठची पोर ती. होडीत चप्पल घालून पाय ठेवायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मग तराफा हलला. मागे कुणीतरी बांबू पाण्यात रोवत होतं, संथ, एका लयीत. मी वळून पाहिलं नाही. डोंगर येत होते, जात होते, पाण्यात उलटे होऊन पुन्हा आमच्याबरोबर चालत होते... एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. आणि जुबेदा पाण्यात हात सोडून श्वास घेत होती. लांब, पोटभर श्वास.

मग भोंगा वाजला. ऑल क्लिअर.

दिवा लावला. जुबेदा भिंतीला टेकून बसली होती, गालांवर रंग. मामू पुन्हा भिंतीकडे वळून पडलेले. थोड्या वेळानं दार वाजलं. इक्बाल धावतपळत आला होता. मी पट्ट्या टराटरा फाडल्या. त्यानं पंप आणून पुढे धरला, तर ही म्हणते, "कशाला? बरी तर आहे मी." आणि उठून पायांनी चपला चाचपायला लागली.

चपला नव्हत्या.

आत येताना होत्या. त्यांची फटफट मी ऐकली होती. कपाट पाहिलं, उशा झटकल्या, सुकटाची पिशवीसुद्धा ओतली. एकच दार, त्याच्या पट्ट्या मी लावलेल्या आणि मीच फाडलेल्या.

पुढच्या महिन्यात जुबेदाला धडधाकट मुलगी झाली. ती आता मोठी डॉक्टर आहे. मला समजावते, "मामी, ऑक्सिजन लो झाला की हॅल्युसिनेशन्स होतात." मान्य! पण चपलांचा ऑक्सिजन लो झाला होता का? आणि त्या रात्री पायऱ्यांबद्दल मी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता, जुबेदानंही नाही. आम्ही दोघी गादी उलटीपालटी करत होतो, तेव्हा मामू वैतागून, भिंतीकडचं तोंडही न वळवता, एकदम ओरडले,

"शोधताय काय मगासपास्नं? होडीत चढताना पायऱ्यांवर काढल्यान ना तिनं... तिथंच ऱ्हायल्या!"