मोहाखालची झाडलेली जागा

औरंगाबादच्या टेशनावरचे बाकीचे टांगेवाले गयासला वचकून असत. निजामाच्या अमलात अंमलदारापुढं मान खाली घालणारा हा माणूस, पण आपल्या घोडीच्या दाण्याला कुणी हात लावला, तर अख्खा अड्डा डोक्यावर घेई.

एका चैत्रात आप्पासाहेब नावाच्या हौशी जमीनदाराला घेऊन तो सोयगावच्या डोंगरात गेला. लेणी सगळेच बघतात, आपल्याला दऱ्या आणि भिल्लांचे पाडे बघायचेत, असा साहेबांचा हट्ट. सकाळीच ते कडा बघायला चढून गेले. गयासला समोर मोहाचं झाड दिसलं. खाली रसरशीत फुलांचा सडा, आणि सड्याखालची जमीन अंगणासारखी स्वच्छ झाडलेली. जंगलात येऊन झाडतंय कोण, एवढं काही त्या शहाण्याला सुचलं नाही. घोडी मोकळी सोडून तो विडी ओढत बसला. घोडीनं सडा फस्त केला.

तेवढ्यात पाड्यावरची साळूबाई टोपली घेऊन आली. म्हातारी रिकाम्या जमिनीकडं बघत उभी राहिली.

"माय, झाड कुणाचं हाय का हे?" गयासनं विचारलं.

"व्हय, आमचं. खालची जागा झाडून ठिवली की दुसरं कुणी फुलाला हात लावत नाय. वाळवून पाऊस लागंस्तोवर हेच खातो. आता बहर सरला, आजचंच काय ते व्हतं."

गयासचं तोंड उतरलं. "मला ठाव नव्हतं, माय."

"मुक्या जनावराला काय ठाव," म्हातारी म्हणाली, आणि उरलीसुरली तुडवलेली फुलं वेचू लागली.

त्याला तिनं बोल लावलाच नाही, तेच त्याला झोंबलं. त्यानं घोडीचा सगळा दाणा टोपलीत ओतला. तिनं त्यातला ओंजळभर परत केला. घोडीला वाटेत लागेल, म्हणाली.

वर्षभर ते त्याला सलत राहिलं. अड्ड्यावर दाण्यावरून भांडायला तोंड उघडलं, की तो परत आलेला ओंजळभर दाणा आठवे, आणि तो घोडीला खरारा करायला वळे. पुढल्या चैत्रात भाडं नसताना, हरभऱ्याचं पोतं टांग्यात घालून तो एकटाच सोयगावकडं निघाला. एकदाचं फिटू दे, एवढंच मनात होतं.

मोहाखालची जागा झाडलेली होती. बाजूला पळसाच्या सावलीत एक नवा खुंटा ठोकलेला, खुंट्याशी पानावर मोहाची फुलं.

"तुझ्या घोडीचा वाटा," साळूबाई म्हणाली. "रोज ठिवते. कवा येशील, ठाव नव्हतं."

गयासनं घोडी खुंट्याला बांधली. फेड म्हणून आणलेल्या पोत्याला हात लावायचीही त्याला लाज वाटली.